थर्मासातला राजमा

राजम्याचा वेल बोलतोय मी. गरीब बिचारा समजून ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. माझ्यापायी पुष्कळ जीव गेलेत, आणि एकदा तर घरचंच माणूस जायची वेळ आली होती.

लॉन्ड्रीच्या मागे, अर्ध्यात कापलेल्या पत्र्याच्या पिंपात इस्त्रीवाल्या ताईने मला पेरलं. माझ्या मुळांवर गाठी धरल्या, त्यांत जिवाणू बिऱ्हाड करून राहिले. ते हवेतला नायट्रोजन पकडून द्यायचे, मी त्यांना साखर चारायचो. त्या नायट्रोजनातून आणि उन्हात केलेल्या साखरेतून मी प्रथिनं घडवायचो. काही पानांत कामाला जुंपली, काही बियांत लेकरांची शिदोरी म्हणून साठवली.

मग अळ्या आल्या. जिवंतपणी कुरतडलं जाणं काय असतं, ते मला विचारा. एका पानाचा लचका तुटला की अंगभर खबर जायची. मी लगोलग नवी प्रथिनं घडवली, अळीच्या पोटातलं पचनच बंद पाडणारी. त्या पोटभर खायच्या आणि उपाशी मरायच्या. पिंपाभोवती त्यांचा सडा पडलेला बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बियांत तर मी याहून जहाल प्रथिन भरत होतो.

ताईला यातलं काय माहीत? गॅस वाचवायची तिची एक युक्ती होती. सकाळी थर्मासात धान्य टाकायचं, वर कढत पाणी ओतायचं आणि झाकण घट्ट लावून कामावर यायचं. दुपारपर्यंत तांदूळ मऊ. माझ्या शेंगा वाळल्यावर तिने राजमाही तसाच केला. तिचा धाकटा भाऊ वेल्डर, तो रोज तिच्याकडेच जेवायला यायचा.

"ताई, कचकच लागतोय गं."

"खा मुकाट्याने. घरचा आहे."

त्याने दोन दाणे चावून डबा सरकवला. तिने सगळा संपवला.

माझं बियांतलं ते जहाल प्रथिन खळखळत्या उकळीतच मरतं. नुसत्या गरम पाण्याला ते भीक घालत नाही. दोन तासांत ताई इस्त्रीच्या टेबलाखाली कोसळली. ओकून ओकून तिची आतडी पिळवटली, शेवटी गुळणीत रक्त आलं. भावाने तिला उचलून दवाखान्यात नेलं.

दोन दिवसांनी तो कोयता घेऊन आला.

"माझ्या बहिणीच्या जिवावर उठलास काय रे?"

पहिल्याच घावात खोड तुटलं. दुसऱ्यात शेंगा उडाल्या, त्या त्याने बुटाखाली चिरडल्या. तिसरा घाव पडायच्या आत ताईने भिंत धरत धरत येऊन त्याचं मनगट पकडलं.

"त्याला काय कळतंय? चूक माझी आहे. निदान दहा मिनिटं उकळायला हवा होता, डॉक्टर म्हणाले ना?"

"मग कवटाळून बस त्याला," म्हणत त्याने कोयता फेकला.

आता मी मुळापासून तुटून काठीला लोंबकळतोय. एक हिरवी शेंग उरलीय, आत चार दाणे. जन्मभर घडवलेली प्रथिनं मी पानापानांतून मोडून काढतोय आणि शेंगेत ढकलतोय. पानं पिवळी पडताहेत, पडू देत.

ताई, या चौघांना पेर. विष त्यांच्यातही भरतोय, राग मानू नकोस. अळ्यांच्या तोंडी मी माझी पोरं रिकाम्या हातांनी देणार नाही.