उलटतपासणीचा तास

पनवेलच्या एका विधी महाविद्यालयात त्या दिवशी उलटतपासणीचा सराव होता. खटला बनावट, विनयभंगाचा. गव्हाण गावची दिपिका फिर्यादी झाली होती, निकेश आरोपीचा वकील, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत प्राची. शिकवणारे पाटणकर सर मागच्या बाकावर बसून गुण देत होते.

"याआधी तुमचे किती बॉयफ्रेंड होते?" निकेशने पहिलाच प्रश्न टाकला. वर्ग खिदळला.

दिपिकाने प्राचीकडे पाहिलं. प्राची सरांकडे बघत होती आणि सर हसत होते.

"उत्तर दे," ते म्हणाले. "खऱ्या कोर्टात याहून घाण विचारतात. सवय कर."

दिपिका सरांकडे वळली. "सर, पीडितेला असं विचारायला कायद्यानेच बंदी आहे. ते शिकवायचं सोडून तुम्ही यांना बाईची अब्रू काढायला शिकवताय?"

"अगं, नाटक आहे हे."

"माझ्या ताईच्या केसमध्ये नाटक नव्हतं! तिला हेच विचारलं. वकील हसले, सगळे हसले. ती परत तारखेला गेलीच नाय!"

प्राची खुर्चीत ताठ बसली. "प्रश्न नामंजूर. वकिलांनी दुसरा प्रश्न विचारावा."

"प्राची, गुण मी देतोय," सर ओरडले.

"न्यायालयाशी बसून बोलू नका, सर. उभे राहा."

सर उभे राहिले, ते थेट दार आपटून निघून गेले. निकेश हातातला कागद उलटसुलट करत राहिला. त्याने दुसरा प्रश्न तयारच केला नव्हता.

दिपिका साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हलली नाही. "विचार ना," ती म्हणाली. "मी उभी आहे."