तीन मिनिटं चाळीस सेकंद

"काका, माउसवरचा हात काढा. आता त्याला करू द्या," जागृती म्हणाली.

शिवदासने हात उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून मांडीवर ठेवला. पडद्यावरचा बाण आपोआप सरकला, यादीवर गेला आणि 'दर्यादौलत' हे नाव रकान्यात उमटलं. मच्छीमार सोसायटीच्या त्या एका खोलीत भरतीच्या पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं. दुपारी जेवून पडल्यावर येते तशी गुंगी शिवदासला आली. आपण इथे आहोत आणि नाहीही, असं काहीतरी.

एकतीस वर्षं तो या खोलीत होड्यांची नोंद करत होता. खाडीचं तोंड अरुंद, म्हणून होड्या ठरलेल्या पाळीने बाहेर पडत. त्याच पाळीने तो नावं लिही, आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. आता होडीवरचं यंत्रच ती निघाल्याचं कळवायचं. शनिवारी शिवदास निवृत्त होणार, त्याच्या जागी माणूस घ्यायचा नाही, नोंदीचं काम कॉम्प्युटर आपलं आपण करील, असं चेअरमन मितेशने ठरवून टाकलं होतं. आणि त्या कॉम्प्युटरला शिकवायचं कुणी? तर शिवदासनेच! पानावरून उठायचं आणि वर वाढायलाही आपणच, अशातली गत. पण त्याला राग आला नव्हता. नवीन काही शिकायला मिळतंय याचंच त्याला अप्रूप होतं.

जागृती त्यासाठीच अलिबागहून येत होती. आपण एकदा नेहमीसारखं काम करून दाखवायचं, कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो आणि रोज तस्संच करतो, एवढंच ते होतं. काल शिवदासने करून दाखवलं होतं.

पण पहिलं नाव लिहून बाण जो थांबला तो हलेचना. बऱ्याच वेळाने दुसरं नाव आलं. पुन्हा बाण थांबला.

"काका, काल नाव टाइप करून तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? खिडकीतून बघितलं. होडी खाडीबाहेर पडली, मंग एंटर मारला. जी गेलीच न्हाय तिला गेली कशी म्हनायचं?"

जागृतीला हसू आवरेना. "अहो, त्यानं तुमचं थांबणंपण शिकून घेतलंय!"

शिवदासही हसला. पोरीने मग कॉम्प्युटरने टिपून ठेवलेली यादी उघडून दाखवली. प्रत्येक कामाची एक ओळ, आणि मधेमधे 'थांबा'. चाळीस सेकंद, पन्नास सेकंद. केसरबाईच्या 'हिरादेवी'च्या एंटरनंतर मात्र होतं, तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"इथं काय झालं? चहा आला होता?"

शिवदासने तो आकडा पुन्हा वाचला. 'हिरादेवी'नंतरची पाळी नामाची, त्याच्या धाकट्या भावाची. अकरा वर्षांपूर्वी कार्तिकात सगळ्या होड्या परत आल्या आणि नामाची आली नाही. त्या होडीचं नाव यादीतून गेलं. त्या जागेवर आलं की आपली नजर सहज खिडकीकडे जाते, एवढं शिवदासला ठाऊक होतं. क्षणभर जात असेल, असं तो समजत होता. रोज इतका वेळ? झोपेत बरळलेलं कुणीतरी ऐकावं तशी त्याला लाज वाटली.

"भावाची पाळी हाय ती," तो म्हणाला. "गेला तो. होडीसकट."

जागृतीचं हसू मावळलं. ती हळूच म्हणाली, "सगळं दोन मिनिटांत व्हायला पाहिजे, असं चेअरमन बोललेत. थांबायच्या ओळी काढायला लागतील. मी काढू?"

"नको. मला शिकव."

तिने शिकवलं. शिवदासने चष्मा सावरून एकेक ओळ पुसली. 'दर्यादौलत'चं थांबणं गेलं, 'हिरादेवी'चं गेलं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांच्या, नामाच्या ओळीवर बाण आला आणि त्याचं बोट माउसवर नुसतंच टेकून राहिलं. मग त्याने बाण खालच्या ओळीवर नेला.

"जमलं," तो म्हणाला.

जागृतीने बघितलं होतं. तिने काम तसंच सेव्ह केलं.

शनिवारी मितेश शाल आणि नारळ घेऊन आला. "आधी तुमच्या चेल्याचं काम बघू," म्हणत तो खुर्चीत बसला. नावं भराभर उमटू लागली. मितेश खूश झाला. 'हिरादेवी' आली, गेली, आणि बाण जागच्या जागी उभा राहिला.

"हँग झाला काय?" मितेशने माउसकडे हात नेला.



"नेट स्लो असेल," जागृती घाईघाईने म्हणाली.

"हँग न्हाय झाला," शिवदास म्हणाला. "वाट बघतोय."

मितेशने पडद्यावरचं शेवटचं नाव पुन्हा वाचलं. पोरवयात दोन हंगाम त्याने नामाच्याच होडीवर काढले होते. खाडीतली पाळी त्याला सांगावी लागली नाही. त्याने हात मागे घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. खाडीच्या तोंडाशी नुसतं पाणी होतं.

छतावर ऊन हलत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या पाळीला शिवदासने खिडकीकडे मान वळवली नाही. तो पडद्याकडे बघत राहिला.

मग बाण हलला आणि पुढची, विनेशची होडी रकान्यात उमटू लागली. शिवदासने चष्मा काढून डबीत ठेवला.