नेदो आणि फोस्को यांची जोडसायकल

मी एक जुनी सायकल आहे, पण एकाच सायकलीची बनलेली नाही. माझा पुढचा अर्धा भाग नेदोच्या सायकलीचा, मागचा त्याच्या धाकट्या भावाच्या, फोस्कोच्या. मित्रांनो, त्यामुळे मला बालपणाच्या आठवणीही दोन-दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात. कधी वाटते, मी सकाळच्या उन्हात दूध घेऊन उतारावरून निघाले आहे, आणि त्याच वेळी, त्याच उतारावर, संध्याकाळी कोणाला तरी घरी परत आणते आहे.

सिएना शहराच्या दक्षिणेला द्राक्षांच्या टेकड्या आहेत, तिथे आमचे घर. घरापासून मळ्यांमधून जाणारी वाट पांढऱ्या खडीची. खाली दरीत डांबरी रस्ता झाला तेव्हा साऱ्या मोटारी तिकडे गेल्या आणि ही वाट आम्हाला उरली. तोडणीच्या दिवसांत एखादा ट्रॅक्टर, एरवी ससे, आणि कधी पहाटे आपले काटे वाजवत जाणारे साळिंदर. याखेरीज तिच्यावर कोणी नसे.

नेदोचे डोळे गेले त्या सकाळपासून माझी गोष्ट सुरू होते. मे महिना होता. वेलींवर फवारायला दोघे भाऊ मोरचूद आणि चुन्याचे पाणी तयार करत होते. नेदो पिंपावर वाकून कळीचा चुना ढवळत होता. फोस्कोने एकदम बादलीभर पाणी ओतले. चुना उसळला आणि नेदोच्या तोंडावर आला. पाच आठवडे तो इस्पितळात होता. घरी आला तो चाचपडतच. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

पुढची दोन वर्षे तो चुलीजवळच्या खुर्चीवर बसून राहिला. मळ्याचे नाव काढले की मान फिरवायचा. फोस्को रोज यायचा, लाकडे फोडायचा, नेदोच्या बायकोला, आर्जाला, हवे-नको विचारायचा आणि निघायचा. भाऊ एकमेकांशी हवापाण्याचे बोलत. त्या सकाळबद्दल मात्र दोघेही गप्प.

मग एका हिवाळ्यात फोस्कोने दोन्ही सायकली आपल्या गोठ्यात नेल्या. दांडे कापले, जोडले, लांब चेन बसवली. द्राक्षरसाच्या पिंपांच्या पट्ट्यांना लावून उरलेला हिरवा रंग मला मिळाला. कानशीने माझे सांधे घासता घासता त्याचे हात थांबत आणि तो बराच वेळ नुसता बसून राही. मला वाटे, मीच कुठेतरी वाकडी झाले आहे.

मार्चमधल्या एका सकाळी त्याने मला अंगणात आणले. नेदोला हाताला धरून बाहेर काढले. नेदोने माझ्यावरून हात फिरवला आणि पुढचे हँडल लगेच ओळखले.

"माझी सायकल कापलीस?"

"माझीपण कापली," फोस्को म्हणाला. "पुढे मी बसतो, मागे तू."

"म्हणजे गाठोड्यासारखं मागे टाकून गावभर मिरवणार मला."

आर्जा उंबऱ्यावर पालक निवडत बसली होती. "गाठोडं परवडलं," ती म्हणाली. "ते कुरकुर तरी करत नाही. बस, नेदो. दोन वर्षं मी त्या खुर्चीभोवतीनं झाडतेय."

नेदो बसला. मागच्या हँडलवर त्याची बोटे लाकडासारखी ताठ झाली होती. पायडल फिरत होते म्हणून पाय फिरत होते, त्यांच्यात जोर नव्हता. उतार कसाबसा सरला आणि मग समोर आला तो चढ, ज्याला सगळे गाढवीचा चढ म्हणतात. फोस्को उभा राहून पायडल मारू लागला. त्याला दम लागत होता. तरी "जोर लाव" असे तो एकदाही म्हणाला नाही. अर्ध्या चढावर माझे मागचे चाक खडीत घसरले. मी थांबले. क्षणभर मागे जाऊ लागले. आणि अचानक मागच्या पायडलवर वजन आले.

ते वजन मी कधी विसरणार नाही, मित्रांनो. माझी चेन ताणली गेली, सांधे करकरले, आणि एका सायकलीवर दोन माणसे असतात म्हणजे काय हे मला तेव्हा कळले.

माथ्यावर दोघे धापा टाकत उतरले. नेदोने हात लांबवला. छाटलेल्या वेलीच्या टोकातून पाणी ठिबकत होते, त्याचा एक थेंब त्याच्या तळहातावर पडला.

"वेली गळायला लागल्या," तो म्हणाला. "आठ दिवसांत कोंब येतील."

तिथून माझी चांगली वर्षे सुरू झाली. आम्ही रोज निघायचो. नेदोला वाट ऐकू येऊ लागली. सरूच्या सावलीतली ओलसर खडी दबक्या आवाजात बोलते, उन्हातली कोरडी खडी कुरकुरते. कधी सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असत आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर तरंगत. अशा वेळी मला वाटे, आपण जमिनीवर नाहीच, कोणाच्या तरी झोपेतून हळूहळू चाललो आहोत आणि आवाज केला तर तो जागा होईल. भाऊही तिथे बोलत नसत.

सप्टेंबरात मळ्यामळ्यांतून लोक हाका मारत. नेदो द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकी, बी दातांखाली फोडी आणि सांगे, "अजून चार दिवस थांबा." लोक थांबत. त्याच्या जिभेचे कौतुक होई, माझ्या हिरव्या रंगाचेही होई, आणि मी ते ऐकून जरा ताठ उभी राही.

अकराव्या वर्षी अशाच एका संध्याकाळी, माथ्यावरच्या सपाट वाटेवर, फोस्को समोर बघतच म्हणाला, "नेदो, त्या दिवशी पाणी मी घाईघाईनं ओतलं."

मागच्या पायडलवरचा जोर तसाच राहिला. "माहीत आहे."

"गावात पत्त्यांचा डाव होता. तेवढ्यासाठी घाई."

"तेही माहीत आहे. तुझा डावातला जोडीदार मला इस्पितळात बघायला आला होता. रडत रडत सांगून गेला."

फोस्कोच्या पायडलवरचा जोर कमी झाला.

"मग इतकी वर्षं तू बोलला का नाहीस?"

"तोंडावर बोलायची तुझी छाती नव्हती," नेदो म्हणाला. "म्हटलं, माझ्याकडे पाठ करून बसशील तर बोलशील. म्हणून तर बसलो या सायकलवर. मला वाटलं, आठवड्यात उरकेल."

फोस्कोने ब्रेक दाबला. दोन्ही पाय जमिनीवर टेकून तो पुढच्या हँडलवर वाकला. त्याचे खांदे हलत होते. नेदोला ते दिसत नव्हते, पण माझ्या दांड्यातून त्याच्या हातांपर्यंत ते पोचत होते. त्याने बरीच वाट पाहिली. मग भावाच्या पाठीवर थाप मारली.

"चल आता. सूप गार झालं तर आर्जा मला नाही, तुला बोलेल."

त्यानंतर आम्ही आणखी पंधरा वर्षे फिरलो. मग एका हिवाळ्यात फोस्कोच्या छातीत कफ साठला आणि वसंत यायच्या आत तो गेला. नेदोने मला पिंपांच्या खोलीत भिंतीला टांगायला सांगितले आणि पुन्हा तिकडे आला नाही. माझ्या सीटचे कातडे उंदरांनी खाल्ले. चेनवर गंज चढला. दर ऑक्टोबरात द्राक्षरस आंबू लागला की त्याच्या वासाने मला गुंगी येई आणि खडी वाजल्याचा भास होई. चार ऑक्टोबर असे गेले.

पाचव्या वर्षी आर्जा शिडी घेऊन आली आणि एकटीनेच मला खाली काढले. यंत्राचे तेल सापडेना, तेव्हा तिने चेनला स्वयंपाकातले ऑलिव्हचे तेल चोळले.

"हे काय चाललंय?" नेदोने दारातून विचारले.

"पुढे मी बसणार. तू मागे."

"तुझं वय चौसष्ट आहे, आर्जा."

"आणि लग्नाआधी तुला भेटायला हा गाढवीचा चढ कोण चढून यायचं? तू तर नव्हतास येत."

पहिल्याच वळणावर आम्ही तिघेही वेलींत शिरलो. कोणाला लागले नाही. नेदो पानांत बसून इतका हसला की त्याला उठवेना. आर्जाने आधी माझे हँडल सरळ केले, मग त्याला उठवले. आम्ही पुन्हा वाटेवर आलो, संथपणे, एखाद्या गाभण गायीसारख्या चालीने.

"तुम्ही दोघं इतकी वर्षं वाटेत काय बोलायचात?" तिने विचारले.

"काही नाही. बहुतेक गप्पच."

"मला नाही जमायचं तसं," ती म्हणाली. "बोलत राहा."

आणि तो बोलू लागला. मळ्यांचे, भावाचे, त्या खुर्चीवरच्या दोन वर्षांचे, जे त्याने तिला कधीच सांगितले नव्हते. आर्जाने मान वळवली नाही. नुसते पायडल मारत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल खिळ्याला टांगलेली असेल. तिला खाली काढा, पुसा, चाकांत हवा भरा. मग जिच्याशी किंवा ज्याच्याशी बोलायचे राहून गेले आहे, अशा माणसाला घेऊन मोटारी नसलेल्या एखाद्या वाटेने निघा. घाई करू नका. चढ लागू द्या.