सोमवारचा वास

आमच्या नाहूरच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं खूळ माझं. तीन वर्षं झकास चाललं होतं. मागच्या भिंतीपाशी चार ड्रम, आणि त्यांचं सगळं सफाईवाल्या सुगंधाकडे. ती आठला यायची, कचरा निवडायची, भुसा घालायची, काठीने ढवळायची. याच पगारावर तिची मुलगी नर्सिंग शिकत होती.

यंदा श्रावणात ड्रमना वास सुटला. आंबट, नाकातून न जाणारा. सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, सुगंधा कामचुकार झाली आहे. सोमवारी संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ड्रमही बंद करू आणि तिलाही काढू. मीसुद्धा तिला चार शब्द सुनावले. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

सोमवारी सकाळी सातलाच मी शहानिशा करायला खाली गेले, तर ड्रमपाशी पंचा नेसलेले आमचे यजमान, अनंतराव! शंकराच्या अभिषेकाचं दूध-दही तांब्यातून आत ओतत होते. मी भडकले. ते शांतपणे म्हणाले, मोरीत ओतलं तर पायदळी येतं, इथं निदान मातीत जातं.

मोरीत ओतू नका असं यंदा त्यांना, शेजाऱ्यांना बजावणारी मीच. दुधा-दह्याने खत नासतं हे सगळ्या सोसायटीला शिकवणारीही मीच. पण देवाचं दूध हेही दूधच असतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

मीटिंगमध्ये विषय निघताच मी उभी राहिले.

"चूक सुगंधाची नाही, आमच्या घरची आहे," म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मधुवंतीने हळूच हात वर केला. मागोमाग मार्तंडकाकांनी. बघता बघता अकरा घरं निघाली. शेवटी सेक्रेटरींची बायको तेजल नवऱ्याला म्हणाली, "आपलंही तिथंच जातं." चंद्रप्रकाश मटकन खाली बसले आणि सगळे हसत सुटले. सुगंधा राहणार, दूध यापुढे माडाच्या मुळाशी, असं ठरलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

सुगंधा बाहेर पिशवी घेऊन उभी होती. मी आधी तिची माफी मागितली, मग विचारलं, तुला ठाऊक होतं का? ड्रममध्ये दुधात भिजलेला बेल दर सोमवारी दिसायचा, ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"देवाचं होतं, ताई. मी नको म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत?"

मी एवढंच म्हणाले, यापुढे म्हणत जा, समोर मी असले तरी.

पुढच्या सोमवारी अनंतराव तांब्या घेऊन सवयीने ड्रमकडेच गेले आणि जरा वेळाने तोंड पाडून परत आले. सुगंधा त्या दिवशी सातलाच येऊन ड्रमपाशी उभी होती.

"नको म्हणाली," ते म्हणाले. "सरळ माडाकडे पाठवलं मला."

इतकं हायसं मला मीटिंगमध्येही वाटलं नव्हतं.