बिनटाक्यांची गादी

गादीला टाके का घालतात, हे गादीवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. टाका नसला की कापूस पळतो. आज सपाट, उद्या गोळा. हे ठाऊक असूनही बायकोसाठी त्याने बिनटाक्यांची गादी शिवली. टाक्याची गाठसुद्धा तिच्या कातडीला रुतेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

जिन्यावरून पडल्यापासून ती कमरेखाली बधिर होती. अंथरुणात पडून पडून माकडहाडापाशी जखम झाली होती. ती हाडापर्यंत गेली तर आपल्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून गादीवाल्याचा सगळा जीव त्या तळहाताएवढ्या जागेत अडकला. दुकानातला सगळ्यात मऊ कापूस त्याने स्वतः पिंजला आणि मूठ मूठ प्रार्थना करत खोळीत भरला. चर्चच्या पाळकसाहेबांनी गादीवर हात ठेवून आशीर्वाद मागितला. बायको पडल्या पडल्या म्हणाली, की गादीवाल्याचीच बायको अंथरुणाला खिळली, धंद्याची काय सुरेख जाहिरात झाली. त्याच्या थोरल्या बहिणीने तिला दटावलं, तोंडाला काही धरबंध आहे का म्हणून, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

रोज सकाळी तो तिची ओली चादर बदलायचा, गादी थोपटून सारखी करायचा. खाली काही टोचत असतं तर बायकोने सांगितलं असतं; पण तिला तिथलं काही कळतच नव्हतं.

एका दुपारी ड्रेसिंगला आलेल्या नर्सने जखम उघडली. मग तिने गादीवरून हात फिरवला. वरून खोळ सपाट होती; आत, नेमका जखमेखाली, कापसाचा आवळून दगड झाला होता. वर जखमेत हाड दिसत होतं. तिने ती गादी काढायला लावली आणि दुकानातली नेहमीची, टाक्यांची मागवली. संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, की आता चढलेला ताप उतरता ठेवायचा, एवढंच आपल्या हातात.

गादीवाला आत येऊन पलंगाशी जमिनीवर बसला. त्याने तिला सगळं सांगितलं, कापसाच्या गोळ्याचंही, डॉक्टरांचंही.

"मीच ही पाळी आणली तुझ्यावर," तो म्हणाला. "देवाचं नाव घेत घेत आणली. आता कोणत्या तोंडाने त्याच्याकडे मागू?"

 ती छताकडे पाहत संडेस्कूलमधली एक गोष्ट सांगू लागली. तिथे ती कितीतरी वर्षं मुलांना शिकवत होती. देव आजाऱ्याचं अंथरूण स्वतः बदलतो, असं बायबलात आहे, ते तिने एकदा मुलांना समजावलं. तर एका चिमुरडीने विचारलं, चादर ओली झाली असली तरी? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंना, म्हणजे हिलाच, उत्तर सुचेना. तिने मुलांना गाणं म्हणायला लावून वेळ मारून नेली.

"आता सुचलंय," ती म्हणाली. "ओली असली तरी. घाण असली तरी. मी रोज बघतेय."

"तो मी होतो. देव नव्हता."

"तुम्ही? साऱ्या गावाच्या गाद्या शिवल्यात, पण घरातली एक चादर तरी कधी झटकली होतीत? हे सगळं तुम्हाला कुणीतरी शिकवलंय."

तो हसला नाही. त्याला खोलीत आणखी कुणाची चाहूल लागली नाही. दिसत होता फक्त तिचा तापाने लाल झालेला चेहरा. त्याने डोळे मिटून पाहिले, ओठ हलवून पाहिले.

"मला नाही जमत आता प्रार्थना," तो म्हणाला.

"राहू द्या. कूस बदलायची वेळ झालीय माझी."

तो उठला. एक हात त्याने तिच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. ती शहारली.

"हात किती गार आहेत तुमचे."

त्याने हात काढून घेतले, एकमेकांवर चोळले, तोंडाशी धरून ऊब येईपर्यंत फुंकत राहिला, आणि मग पुन्हा तिच्याखाली घातले.