शेराच्या तोंडावरचं मुसकं

मी मुसकं बोलतोय. बैलाचं नव्हे, कुत्र्याचं. बैलाच्या मुसक्याला निदान शेतात मान तरी होता, मला कोण विचारतं! स्वभावाने मी जळकुटा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही नावं ठेवायला नकोत. पण मध्यंतरी एका कुत्र्याचा जीव माझ्या बकलात अडकला होता. तेव्हापासून माझं हे जळणं जरा वेगळंच झालंय, म्हणून बोलायला बसलो.

आकुर्डी स्टेशनच्या बाहेर ज्योतीराम चपला शिवायला बसतो. म्हाळुंग्याच्या दौलतरावांनी त्याच्याकडून एकाच कातड्यातून दोन वस्तू करून घेतल्या. आधी गळ्यातला पट्टा आणि मग उरलेल्या तुकड्यांतून मी. म्हणजे जन्मापासूनच मी उरलासुरला. पट्ट्याला पितळी टिकल्या, आतून मऊ अस्तर आणि वर चकचकीत पाटी. पाटीवर कोरलेलं ‘शेरा’ आणि खाली मालकाचा मोबाईल नंबर. मला काय? एक लोखंडी बकल. तेही आधी कुणाच्या तरी बॅगेला लावलेलं.

“आप्पा, पट्टा रोजचा,” ज्योतीराम म्हणाला. “हे मुसकं माणसांत नेताना घाला, थोड्या वेळापुरतं. आवळू नका. एक बोट आत गेलं पाहिजे, नाहीतर जनावराला धाप टाकता येत नाही.”

“ठावं हाय रं. बैलांना जल्मभर घातलीत की,” दौलतराव म्हणाले.

आता बैल नव्हते. जमीन कंपन्यांकडे गेली, तिच्या पैशांत दौलतरावांनी घर बांधलं आणि मागे कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या काढल्या. मुलगा सुजित दोन पिकअप चालवतो. त्यानेच हा रॉटवायलर आणला होता, काळाकुळकुळीत, वासराएवढा. येईल जाईल त्याला सांगायचा, “जातवान माल आहे, भावा. बघणाऱ्याची नुसती फाटली पाहिजे.”

शेरा घरात आला आणि पट्टा त्याच्या गळ्यात गेला. मी गेलो दाराशेजारच्या खिळ्यावर.

तिथून मी काय काय बघितलं म्हणून सांगू! सकाळी पट्टा फिरायला. समोरच्या चहाच्या टपरीवर पोरं त्याच्या टिकल्या मोजणार. सुजितच्या रीलमध्ये पट्टा, पिकअपच्या काचेवरच्या स्टिकरमध्येही पट्टा. शेराची आंघोळ असली की तेवढा वेळ तो माझ्या शेजारच्या खिळ्यावर यायचा. त्याच्या अंगाला कुत्र्याच्या उबेचा वास आणि माझ्या अंगाला चुन्याचा. मी त्याच्याशी कधी बोललो नाही. काय बोलणार? सख्खा भाऊ, पण नशीब बघा एकेकाचं.

दौलतराव अधूनमधून मला खिळ्यावरून काढायचे. “घाल रं त्याला. रस्त्यानं पोरंबाळं असत्यात.”

“आप्पा, मुसकं घातल्यावर धाक काय राहिला? लोक म्हणतील, कुत्रं चावरं आहे, सुजितला आवरत नाही.” मी परत खिळ्यावर. माझ्यात कोळ्याने घर केलं, तर त्याचंही मला बरं वाटलं. निदान कुणीतरी आत आलं.

मग आला शेराचा वाढदिवस. आमच्याकडे हल्ली कुत्र्याच्या वाढदिवसालाही चौकात फ्लेक्स लागतो. ‘शेरा शेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : सुजितभाऊ मित्र परिवार.’ खाली सगळ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो आणि मधोमध शेरा. पट्टा त्या फ्लेक्सवर परातीएवढा झाला होता हो! दारातून सरळ दिसायचा. माझा नुसता कोळसा झाला.

संध्याकाळी दारात टेबल, केक आणि माणसाएवढाले स्पीकर. दौलतराव मला घेऊन बाहेर आले. “आवाज लई हाय. बिथरंल त्ये. ह्ये घाल.”

“फोटो काढायचेत, आप्पा! मुसकं घालून केक कापायचा का?” सुजितने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि टांगून टाकलं. तेव्हा मला राग आला तो माझ्या अपमानाचा. पुढे काय होणार, ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

मागच्या खोल्यांत इंदुताई राहते. मराठवाड्यातली बाई, नवरा वारल्यावर पोटासाठी इकडे आली, कंपनीत पॅकिंगला आहे. ती ओव्हरटाइम करून परतत होती, हातात डब्याची पिशवी. नेमका तेव्हाच कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. शेरा उसळला. सुजितच्या एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात नुसती लोंबती साखळी. ती सुटली. इंदुताई ओरडली. शेराने तिचा उजवा हात मनगटाच्या वर धरला आणि चार पोरांनी ओढलं तेव्हा कुठे सोडला. पिशवी रक्ताने भिजली. गाणं मात्र बराच वेळ तसंच वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी जमली. समोरच्या सोसायटीतल्या नीलिमा टीचर तावातावाने म्हणाल्या, “अशा जातींवर बंदीच हवी. साधं कुत्रं चावलं तर टाके पडतात, हे चावलं तर हात जातो.” जिमवाला अनिश म्हणाला, “जातीला काय दोष देता, टीचर? वाढवणाऱ्याला बघा.” टीव्हीवर चालतं तसंच भांडण, फक्त आमच्या दारात. आणि आमचा सुजित? काल ज्या जातीच्या जोरावर मिशीला पीळ देत होता, तो आज हात झटकून म्हणतोय, “जातच खराब आहे, भावा. विकणाऱ्याने मला फसवलं.”

“साकळी कुनाच्या हातात व्हती?” दौलतरावांनी ओट्यावरून विचारलं. सुजित मोबाईलमध्ये बघायला लागला.

गर्दी पांगल्यावर इंदुताई आली. हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिने ना भरपाई मागितली, ना भांडली. “सुजितभाऊ, डॉक्टर म्हनले, इंजेक्शनं तर घ्याच, पन पिसाळलंय का ते कळाया कुत्रं दहा दिवस डोळ्यासमोर ठिवा. त्याला काई झालं तर लगेच सांगा म्हनले. एवढं करा. मपल्या जिवाला लई घोर लागलाय.”

“ठेवतो ना, ताई. कुठे जातंय!” सुजित म्हणाला.

पण संध्याकाळी त्याला कुणीतरी सांगितलं, पोलिसांत तक्रार जातेय, महापालिकेची गाडी येणार. पहाटे दौलतराव उठायच्या आत सुजितने मला खिळ्यावरून काढलं. ज्या कुत्र्याचा फ्लेक्स लावला, त्याचीच आता त्याला भीती वाटत होती. त्याने मला शेराच्या तोंडावर चढवलं आणि बकल पार शेवटच्या भोकात ओढलं. मग शेराच्या गळ्यातून पट्टा काढला.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. पट्टा पिकअपच्या डॅशबोर्डवर फेकला गेला आणि मी शेराच्या नाकावर, त्याच्या गरम श्वासात! सगळी वाट मी मनातल्या मनात म्हणत होतो, बघ लेका, आज माझा दिवस आहे.

तळेगाव-चाकण रस्त्याला ट्रेलर उभे राहतात, तिथे गाडी थांबली. सुजितने मागचा फळका पाडला, शेराला खाली ढकललं आणि गाडी भरधाव काढली. शेरा मागे धावला. धावता धावता धाप लागली आणि तोंड उघडायला गेला, तेव्हा मला कळलं. तोंड उघडेना. ते मीच धरून ठेवलं होतं.

ऊन चढलं. एका ट्रेलरच्या सावलीत शेरा पडून राहिला. एका ड्रायव्हरने कापलेल्या डब्यात पाणी आणून लांबूनच सरकवलं. शेराने तोंड पाण्यात बुडवलं, पण जिभेला ओलावा मिळेना. नाकातोंडात पाणी जाऊन तो ठसकला. ड्रायव्हर जवळ यायला धजेना. “तोंड बांधलंय म्हणजे चावरंच असणार,” म्हणून तो निघून गेला. शेराने मला पंजांनी ओरबाडलं, डांबरावर घासलं. मी तुटावं म्हणून जिवाचा आटापिटा केला, पण ज्योतीरामचे टाके पक्के. आयुष्यभर ज्याच्या तोंडाची आस धरली, त्याचाच श्वास माझ्यात घरघरत होता. मी हंबरडा फोडला असता, पण मला कुठे तोंड आहे?

उन्हं कलली तेव्हा पहिल्या शिफ्टची माणसं घरी सोडणारी कंपनीची बस त्या रस्त्याने आली. थोडी पुढे जाऊन करकचून थांबली. बसमधून इंदुताई उतरली. सुट्टी घेतली तर काम जाईल म्हणून बिचारी तशाच हाताने कामावर गेली होती.

ती शेराकडे बघत उभी राहिली. शेराने डोळे उघडले, उठायचं बळ नव्हतं. मी मनात म्हणत होतो, ताई, मागून या. बकल कानाच्या मागे आहे. तो काही करणार नाही, आता त्याच्यात जीवच कुठे आहे!

“चावलास ना मला?” ती दरडावून म्हणाली, आणि रडायला लागली. “आता गप पड. हललास तर बग.” डावा हात पुढे आला. एका हाताने बकल निघेना, तेव्हा तिने ओठ दाबून पट्टीतली बोटंही लावली. मी सुटलो. शेरा त्या कापलेल्या डब्यातलं पाणी प्यायला, तिच्या बाटलीतलं प्यायला, आणि हळूहळू त्याच्या छातीचा भाता ठिकाणावर आला.

“इंदुताई, बसमध्ये घेतो,” बसचा ड्रायव्हर कोंडीराम खिडकीतून ओरडला. “पण ते मुसकं घाला त्याला. माणसं आहेत.” तिने मला परत घातलं आणि आत एक बोट घालून बघितलं. कुणी सांगितलं होतं तिला? कुणी नाही. मग ओढणी शेराच्या गळ्यात बांधून ती त्याला बसमध्ये घेऊन बसली.

बस सुजितच्या दारात थांबली. सगळ्या खिडक्यांत माणसं. सुजित बाहेर आला आणि पांढराफटक पडला.

“हे आमचं नाही, ताई. आमचं पळून गेलं. एरियात काय एकच रॉटवायलर आहे का?”

शेरा त्याला बघून अख्खं ढुंगण हलवत होता. पण कुत्र्याची साक्ष कोण मानतो? आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, पट्टा इथे हवा होता. त्याच्या पाटीवर नाव होतं, नंबर होता. माझ्या अंगावर कुणी काय कोरलंय?

दौलतराव ओट्यावरून उतरले. पिकअपचं दार उघडलं, डॅशबोर्डवरचा पट्टा उचलला आणि सुजितच्या हातात ठेवला. “घाल. आन् ह्या बाईला सांग, कुत्रं कुनाचं हाय.”

सुजित गुडघ्यावर बसला. पट्टा बांधताना त्याचा हात मला लागला, तो घामाने ओला होता. “माझं आहे,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं बोला,” इंदुताई म्हणाली. “बसमदल्यांना ऐकू न्हाई गेलं.”

“माझं कुत्रं आहे!”

दहा दिवस इंदुताई रोज दारात येऊन शेराला बघून गेली. तो धडधाकट राहिला. तिची इंजेक्शनं झाली, पण दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्यावर औषध कुणापाशी नाही. तिला दवाखान्यात सुजितच नेतो आणि महापालिकेच्या माणसांसमोर आता तोच उभा राहतो. शेरा बाहेर निघाला की मी त्याच्या तोंडावर आणि पट्टा त्याच्या मानेवर. घरी आलो की आम्ही शेजारी टांगलेले असतो. परवा मी पट्ट्याशी बोललोसुद्धा.

तुमच्या घरी दाराशेजारी कुणी माझा भाऊबंद लटकत असेल तर त्याला खाली काढा. माणसांत जाताना घाला, एक बोट सैल ठेवा आणि घरी आल्यावर सोडायला विसरू नका. दुसरं काही मागत नाही. फक्त ती पाटी अजून पट्ट्यावरच आहे, तेवढं मात्र मला सलतं.