काचेवरचा नत्थुजी

“पूछो इनको! और कितनी देर?” गोरा साहेब नत्थुजीवर खेकसला.

समोर जंगलातल्या सेमाडोह गावची कोरकू माणसं मोहाच्या झाडाखाली उभी होती. त्यांच्यामागे कोरीव सागवानी खांब. गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाचा एकेक. म्हातारी जमुना आपल्या नवऱ्याच्या खांबाला पाठ लावून उभी होती. साहेबाला नेमकी तिचीच तसबीर हवी होती, खांबासकट.

नत्थुजी अमरावतीचा गाडीवान. उभा जन्म कापूस वाहण्यात गेलेला. जंगलातली वाट ठाऊक आणि मोडकंतोडकं हिंदुस्थानी येतं, म्हणून साहेबाने त्याला तसबिरी काढायचा पेटारा वाहायला धरून आणलं होतं. निघताना बायको, गोदाबाई, कळवळून म्हणाली होती, “त्या काचेच्या डोयासमोर जाऊ नोका. मानसाचं आयुष्य वढून घेते म्हंतेत.”

गावचा पुजारी, भुमका, गावातल्या इतरांसारखाच बाजारात येऊन-जाऊन वऱ्हाडी शिकला होता. तो शांतपणे म्हणाला, “गावात शिराच्या आंधी इचारा लागते. बाई नाई म्हने, त नाई. अन् हे खांब आमचे मेलेले मानसं हायेत. त्याइले पेटाऱ्यात नेता येत नाई.”

नत्थुजीने अडखळत ते साहेबाला सांगितलं. साहेबाने चाबूक बुटावर आपटला. “बोलो, हुकूम है!”

हुकूम सांगावा तर समोर कोरकूंच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडी, न सांगावा तर पाठीवर चाबूक.

“साहेब म्हंतेत... हुकूम हाये,” तो कसाबसा बोलला.

भुमकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “पेटारा तू आनला ना? मंग पयले तू उभा राह्य. तुले काई झालं नाई, त पाहू.”

नत्थुजीने तेही साहेबाला सांगितलं, आणि साहेबाला ते पटलं. त्याने नत्थुजीला दंडाला धरून खांबांपासून दूर, उन्हात उभं केलं. “हिलना मत!”

काचेचा डोळा उघडला. नत्थुजीचे पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले, पण मान हलायची काही केल्या थांबेना.

साहेब पेटाऱ्यातली काच घेऊन बाजूच्या काळ्या राहुटीत शिरला आणि ती उग्र वासाच्या औषधात धुऊन, ओलीच बाहेर घेऊन आला. काळ्या कापडावर धरून त्याने ती सगळ्यांना दाखवली. धोतर उमटलं होतं, बंडी उमटली होती, हातसुद्धा. मानेच्या वर, तोंडाच्या जागी, मात्र नुसता धुरकट फराटा.

“याचं तोंड नेलं!” कोणीतरी किंचाळलं. बघता बघता मोहाखाली चिटपाखरू उरलं नाही. दारं लागली. साहेब ओरडला, त्याने शिव्या घातल्या, पण एक दार उघडलं नाही. शेवटी त्याने गाडी जुंपायला सांगितली आणि पेटारा आवरायला लागला.

नत्थुजी बैलांना जुवाखाली आणायला लागला. आपल्या गालाला हात लावून बघायचीही त्याची छाती होत नव्हती.

तेवढ्यात एक दार करकरलं. जमुना बाहेर आली. थबकली, पुन्हा चार पावलं पुढे आली. मग तिने आपला खरखरीत तळवा त्याच्या कपाळावर ठेवला. डोळे चाचपले, नाक, हनुवटी.

“हाये,” ती बंद दारांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. “समदं जागच्या जागी हाये.”

नत्थुजीला हुंदका फुटला. तिने हात काढला नाही.